फोटो शार्प येत नाही? लेन्सला दोष देण्याआधी हा क्रम पाळा

जानेवारीत गड्डा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा) संपला आणि पुढे लग्नसराई लागली की माझ्याकडे एकच तक्रार येते. "सर, फोकस जातोय. लेन्स बदलू का?" कॅमेरा हातात घेऊन पाहावं, तर तोवर समोरच्याने तीन गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. फोकसचा मोड बदललेला, मेनूत शिरून फोकसचं बारीक समायोजन केलेलं, वर नवा फिल्टर चढवलेला. मग मूळ दोष कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि खालचे टप्पे क्रमाने करा. पाचव्या टप्प्याची चाचणी आधी केली आणि दुसऱ्या टप्प्यातला काचेवरचा बोटाचा ठसा नंतर सापडला, तर ती चाचणी वाया गेली.

## तयारी

सुट्टीच्या दिवशी सकाळचे दोन तास मोकळे ठेवा. लागणारं सामान घरातच मिळेल: ट्रायपॉड (नसेल तर न हलणारं टेबल आणि उशी), बारीक अक्षरांचं वर्तमानपत्र, फूटपट्टी, हवा मारायचा रबरी ब्लोअर, स्वच्छ मायक्रोफायबर कापड, टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी.

यापेक्षा महत्त्वाचे आहेत ते बिघडलेले फोटो. लोक ते आधी डिलीट करतात आणि मग विचारायला येतात. किमान दहा वाईट फोटो जपून ठेवा, आणि मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यावरून शार्पनेसचा निर्णय करता येत नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तपासा: फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघताय ना? कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हललेला फोटोही छान दिसतो. उलट २०० टक्के करून बघितलं तर चांगली लेन्सही मऊच वाटेल.

## टप्पा १: बिघडलेला फोटो नीट वाचा

अर्धी दुरुस्ती इथेच होते, आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात. 'ब्लर आलाय' एवढं पुरेसं नाही. ब्लर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा.

फोटोत काहीतरी शार्प आहे, पण भलत्याच जागी. नवरदेवाचा चेहरा मऊ आणि मागच्या मामाच्या फेट्याचे धागे मोजता येतात, म्हणजे फोकस मागे गेला. लेन्स उत्तम आहे, ती फक्त चुकीच्या जागी बसली.

सगळंच मऊ, आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे. हा शेक आहे. कॅमेरा हलला. याचा फोकसशी काही संबंध नाही.

मागची भिंत शार्प, माणूस पुसट. माणूस हलला, शटरचा वेग कमी पडला.

सगळीकडे सारखाच धूसरपणा, जणू फोटोवर साय धरली आहे. काच मळलेली, स्वस्त फिल्टर, उन्हाच्या झळा, नाहीतर जास्त आयएसओमुळे (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्याने नॉइज, म्हणजे रवाळपणा, पुसताना तपशीलही पुसला.

एक बाजू शार्प, दुसरी मऊ. सपाट भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहूनही असं येत असेल, तर लेन्समधली एखादी काच जागेवरून सरकली असण्याची शक्यता आहे. लेन्स कधी पडली होती का, आठवून पाहा.

आता प्रत्येक फोटोखाली चार आकडे लिहा: शटर (किती वेळ उघडं राहिलं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्सचे एमएम). बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो परत बघताना फोकसचा चौकोन कुठे होता हेही दाखवायची सोय असते. तो चौकोन चेहऱ्यावर नव्हताच, तर पुढचं अर्धं काम वाचलं.

## टप्पा २: काच, संपर्कबिंदू आणि बारीक बटणं

फिल्टर काढा आणि तो न लावताच पुढची प्रत्येक चाचणी करा. स्वस्तातल्या फिल्टरमुळे समोरून प्रकाश आला की सगळा फोटो फिकट पडतो, आणि लांब झूमवर तपशीलही जातो.

मग ब्लोअर. आधी धूळ उडवायची, नंतर कापड लावायचं. गड्ड्याच्या होम मैदानावरून आलेल्या लेन्सवर थेट कापड फिरवलं तर धुळीचे कण काचेवर घासले जातात. लेन्सची मागची काचही बघा. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याने फोटोला फारसा फरक पडत नाही, पण मागच्या काचेवरचा बोटाचा ठसा जाणवतो.

लेन्स काढल्यावर माउंटजवळ (लेन्स बसते ती कडी) सोनेरी संपर्कबिंदू दिसतील. कोरड्या स्वच्छ कापडाने ते हलकेच पुसा. फोकस मधूनच बंद पडणं, ॲपर्चरचा आकडा न दिसणं, एरर येणं या तक्रारी कधी कधी एवढ्यानेच थांबतात.

टॉर्च लेन्सच्या एका टोकाने तिरपी मारून दुसऱ्या टोकाने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सना ती धरते. घरी लेन्स उघडू नका, दुरुस्तीला द्या.

सावधान: तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. डीएसएलआरच्या आतल्या आरशाला बोट किंवा कापड लावू नका. दाबलेल्या हवेचा डबा आत मारू नका.

आता बटणं. लेन्सवरचं बटण एएफवर (ऑटोफोकस) आहे का? बॅगेतून काढताना ते एमएफवर (हाताने फोकस) सरकतं आणि माणूस तासभर फोकस गेला म्हणत बसतो. लांब लेन्सवर अंतर मर्यादित करणारं बटण असेल तर ते 'पूर्ण' वर ठेवा, नाहीतर जवळचा विषय ती पकडणारच नाही.

व्ह्यूफाइंडरजवळचं छोटं चाक तुमच्या नजरेसाठी असतं. व्ह्यूफाइंडरमधले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. ते बिघडलं तर सगळंच अंधूक दिसतं, पण फोटो व्यवस्थित येतो. बऱ्याच जणांना हा फरक माहीत नसतो. ते फोटो न बघताच लेन्सला नावं ठेवतात.

## टप्पा ३: सेटिंग शून्यावर आणा

शंका असेल तर कॅमेरा रीसेट करा आणि एवढंच लावा: ॲपर्चर मोड, एफ ५.६, एकदाच धरणारा फोकस (कॅननमध्ये वन शॉट, निकॉन आणि सोनीत एएफ-एस), फोकसचा एकच मधला चौकोन. फोकसचं समायोजन केलेलं असेल तर ते शून्य करा.

मधलाच चौकोन का, तर साध्या डीएसएलआरमध्ये तोच सगळ्यांत भरवशाचा असतो. कॅनन १५००डीमध्ये नऊ बिंदू आहेत, पण आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारा त्यातला मधला एकच. निकॉन डी३५००मध्ये अकरापैकी एकच. कडेचा बिंदू एकाच दिशेच्या रेषा ओळखतो. इरकलीच्या काठाच्या रेषा नेमक्या उलट्या दिशेने असल्या की तो पुढेमागे शोधत राहतो. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका करून फोकस धरा, मग सरळ करा.

तपासा: विषय फार जवळ नाही ना? कॅननच्या ५० एमएम एफ १.८ एसटीएमला किमान ३५ सेंटिमीटर अंतर लागतं, निकॉनच्या ५० एमएम १.८जीला ४५. अंगठी, मेंदी, जोडवी काढताना हे अंतर विसरलं जातं.

## टप्पा ४: हात तपासा

माझ्याकडे येणाऱ्या 'फोकस गेला' तक्रारींत सगळ्यांत जास्त निघतो तो शेकच.

जुना हिशोब असा: शटरचा आकडा फोकल लेंग्थपेक्षा कमी नको. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) त्याला निकॉन-सोनीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणा. ५५-२५० लेन्स २५० ला ताणली, तर २५० गुणिले १.६, म्हणजे १/४०० लागेल. कार्यालयाच्या मागच्या रांगेतून झूम ताणून १/६० ला काढलेला फोटो शार्प येण्याची आशा धरू नका.

घरीच करून बघा. खिडकीजवळ वर्तमानपत्र टांगा, मधला चौकोन मथळ्यावर ठेवा, आणि हातात कॅमेरा धरून १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० असे प्रत्येकी पाच फोटो काढा. कोणत्या आकड्याला पाचही शार्प येतात ते वहीत लिहा. तो तुमच्या हाताचा आकडा. कुणाचा १/६० असतो, कुणाचा १/२५०, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लेन्समध्ये कंप कमी करणारी सोय असेल (आयएस, व्हीआर) तर हा आकडा खाली येतो. पण ती तुमचा हात सावरते, समोरचा माणूस थांबवत नाही. उभ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, नाचणाऱ्या वरातीला १/५०० पासून सुरुवात करा. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवा. थोडी रवाळ पण शार्प चौकट वापरता येते. आयएसओ १०० ला हललेली चौकट कशालाच उपयोगी नाही.

बटण अर्धं दाबा, फोकस बसल्याचा इशारा येऊ द्या, मग उरलेलं दाबा. एका झटक्यात दाबलं की कॅमेरा खाली ओढला जातो.

## टप्पा ५: ट्रायपॉडवरची खरी चाचणी

इथवर दोष सापडला नाही तरच पुढे या.

१. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. उजेड भरपूर हवा. शेजारी फूटपट्टी तिरपी ठेवा, एक टोक कॅमेऱ्याकडे, एक मागे, मधला आकडा पानाच्या पातळीत.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाला अगदी समांतर. अंतर फोकल लेंग्थच्या साधारण ५० पट: ५० एमएमला अडीच मीटर.

३. ॲपर्चर पूर्ण उघडं. कंप कमी करणारी सोय बंद. दोन सेकंदांचा टायमर.

४. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा, पाच वेळा अनंताकडे, पाच वेळा जवळ. हे केलं नाही तर कॅमेरा जागचा हलतच नाही आणि दहाही फोटो सारखे येतात.

५. आता लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) लावा, चित्र दहापट मोठं करा, हाताने फोकस करून तीन फोटो काढा.

नेहमीची चूक: कागद ४५ अंशांत टेबलावर आडवा ठेवून त्यातल्या एका ओळीवर फोकस करणं. फोकसचा खरा संवेदक व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो, तो शेजारची ठळक ओळ पकडतो. दुसरी चूक सोलापुरी चादर टांगून तिच्यावर चाचणी घेणं. चादर घरोघरी आहे, म्हणून मोह होतो. पण एकसारखी परत परत येणारी नक्षी ऑटोफोकसला चकवते.

निकाल असा वाचा:

- दोन्ही पद्धतींनी शार्प: कॅमेरा आणि लेन्स ठीक. टप्पा ७ कडे जा.
- हाताने शार्प, पण व्ह्यूफाइंडरचे दहाही सारखेच पुढे किंवा सारखेच मागे: बॉडी आणि लेन्सचा मेळ नाही. टप्पा ६.
- व्ह्यूफाइंडरचे कधी पुढे, कधी मागे: समायोजनाने हे सुटत नाही. उजेड वाढवून, संपर्कबिंदू पुसून पुन्हा करा. तरीही तसंच आलं तर दुरुस्ती.
- हाताने करूनही मऊ: ॲपर्चर एफ ५.६ किंवा ८ करून बघा. तिथे शार्प आलं तर तो पूर्ण उघड्या ॲपर्चरला लेन्सचा स्वभाव आहे. तिथेही मऊ, तर लेन्स बिघडली आहे. एफ १६-२२ ला मात्र जाऊ नका, इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि चांगली लेन्सही मऊ दिसते.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा फोकस थेट सेन्सरवरच मोजतो, त्यामुळे नेहमी पुढे किंवा नेहमी मागे जाण्याचा हा दोष त्यात सहसा नसतो.

## टप्पा ६: फोकसचं बारीक समायोजन

ही सोय सगळ्या डीएसएलआरमध्ये नसते. कॅनन ९०डी आणि निकॉन डी७५००मध्ये आहे, १५००डी आणि डी३५००मध्ये नाही. तुमच्या मेनूत नसेल तर शोधत बसू नका.

मर्यादा उणे २० ते अधिक २०. फोकस कॅमेऱ्याकडे, म्हणजे पुढे येत असेल तर अधिक बाजूला जा, मागे जात असेल तर उणे. पाच-पाचच्या पायरीने बदला, प्रत्येक पायरीला पाच फोटो काढा, जवळ आलात की एक-एकने.

काही वर्षांपूर्वी मी एका खराब फोटोवरून थेट अधिक १२ लावलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खं लग्न तसंच काढलं. मूळ फोटो शेकचा होता. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत सगळ्यांचे कान शार्प आणि डोळे मऊ आले. ते क्षण त्या घराला परत मिळाले नाहीत. म्हणूनच हा टप्पा मी सहाव्या क्रमांकावर ठेवतो.

तपासा: आकडा ठरला की घराबाहेर, वेगळ्या अंतरावर आणि पिवळ्या दिव्याखालीही खात्री करा. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना बघा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष प्रसंगात कुठे चुकतं

लग्नात, एफ १.८ ला. क्रॉप सेन्सर, ५० एमएम, दीड मीटर अंतर: शार्प पट्टा साधारण सहा सेंटिमीटरचा. नवरी अर्धं पाऊल पुढे उभी असेल तर दोघांपैकी एकच शार्प येणार. एफ ४ केलं की तोच पट्टा चौदा सेंटिमीटरच्या आसपास जातो. जोडीचा फोटो असेल तर एफ ४ च्या खाली उतरू नका, आणि दोघांना एका रेषेत उभं राहायला सांगा. मधल्या चौकोनाने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची सवयही एफ १.८ ला घात करते, कारण वळवताना अंतर बदलतं. चौकोनच डोळ्यावर सरकवा.

अंतरपाट धरला की समोर कोरं पांढरं कापड असतं. ऑटोफोकसला धरायला रेष हवी. कापडावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाच्या कडेवर चौकोन ठेवा. मुंडावळ्या डोळ्यांसमोर लोंबतात आणि फोकस मोत्यांवर बसतो. तिथे चेहरा ओळखणारी सोय बंद करून भुवईवर एकच चौकोन ठेवा.

आणि अक्षता. सतत पाठलाग करणारा फोकस (एआय सर्व्हो, एएफ-सी) चालू असेल तर तो हवेतल्या तांदळावर उडी मारतो. 'शुभमंगल सावधान'च्या आधी चेहऱ्यावर फोकस धरा, लेन्सचं बटण एमएफवर करा, आणि मग स्वतः पुढेमागे न हलता फोटो घ्या. संपलं की बटण परत एएफवर. हे परत करणं लोक विसरतात.

गड्ड्यातली नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक. सगळे पांढऱ्या बाराबंदीत. छातीवर चौकोन ठेवला तर पांढऱ्यावर पांढरं, आणि लेन्स घरघरत राहते. चेहरा, पागोट्याची कड, नाहीतर काठीला धरलेली बोटं पकडा. काठी पेलणाऱ्याची चाल धक्क्याधक्क्याची असते, १/५०० ठेवा. मध्ये कुणी आडवं गेलं की फोकस पळतो. मेनूत फोकस किती लवकर विषय सोडतो याची पायरी असेल तर ती हळू करा.

होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. काळ्या आकाशात ऑटोफोकस निकामी आहे. पहिला बाण उडण्याआधी लांबचा एखादा दिवा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. नंतर झूम बदललं तर पुन्हा फोकस करावा लागेल. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन ते चार सेकंद. रिंग अनंताच्या टोकापर्यंत फिरवून सोडू नका, अनेक लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे जातात.

मागाच्या कारखान्यात. विणकराचा चेहरा ताण्याच्या धाग्यांमधून दिसतो आणि फोकस जवळच्या धाग्यांवर बसतो. आपोआप बिंदू निवडणारा मोड तर हमखास जवळचंच धरतो. एकच लहान चौकोन वापरा किंवा हाताने फोकस करा. माग चालू असताना जमीन हादरते, तिथे ट्रायपॉडचाही भरवसा नाही, शटरच वाढवा. बाहेर आल्यावर लेन्सवर सुताचे तंतू बसलेले असतात, ब्लोअर मारा.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान आणि मे महिन्याचं ऊन. काळवीट फोकसमध्ये असतं, तरी फोटो मऊ येतो. मधे शंभर-दोनशे मीटर तापलेली हवा असते, ती चित्र वाकवते. ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठ दहा फोटो काढा. शिंगांची कड प्रत्येक फोटोत वेगळी वाकडी दिसली तर त्या उन्हाच्या झळा. महागड्या लेन्सनेही त्या हटत नाहीत. ऊन तापायच्या आत काम उरका. गाडीत एसी लावून काच खाली करून फोटो काढलात तर खिडकीतच गार आणि गरम हवा मिसळते आणि तोच दोष घरबसल्या तयार होतो. एसी आधी बंद करा.

## टप्पा ८: दुरुस्तीला देताना

बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र द्या. फक्त लेन्स दिली तर दोघांचा मेळ तिथे तपासता येत नाही. कार्ड, फिल्टर, पट्टा काढून ठेवा, दोन्हींचे अनुक्रमांक लिहून घ्या, खर्चाचा अंदाज कामाआधी लेखी मागा.

चिठ्ठीवर 'फोकस प्रॉब्लेम' एवढंच लिहू नका. असं लिहा: "५० एमएम, एफ १.८, अडीच मीटर, ट्रायपॉडवर, मधला बिंदू. व्ह्यूफाइंडरमधून दहापैकी दहा फोटोंत फोकस तीन सेंटिमीटर मागे. लाइव्ह व्ह्यूमध्ये शार्प." सोबत टप्पा ५ चे तेरा फोटो पेन ड्राइव्हवर द्या. कॅमेरा परत आला की काउंटर सोडण्याआधी तिथेच एखाद्या छापील कागदाचे पूर्ण उघड्या ॲपर्चरला पाच फोटो काढा आणि मोठे करून बघा.